पंचवीस हजारांत गोल्फचा पहिला सेट: काय घ्यायचं आणि काय आत्ता नको

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३४, उंची ५ फूट ५ इंच, पुण्यात आयटीत नोकरी. ऑफिसच्या मंडळींबरोबर ड्रायव्हिंग रेंजवर (चेंडू मारायच्या सरावाच्या मैदानावर) जाणं सुरू झालं आणि गोडी लागली. आता स्वतःचे क्लब घ्यायचेत, बजेट २५ हजार. दुकानात बॅगेसकट नवा कोरा सेट दाखवला, त्याची किंमत बजेटच्या तिप्पट. न्यू जर्सीचा मावसभाऊ दिवाळीला येतोय, तो म्हणतो, "माझा जुना चौदा क्लबचा सेट पडून आहे, घेऊन येतो." बायकोलाही शिकायचंय, तर एकच सेट दोघांना चालेल का?

मी गोल्फ शिकवतो आणि जोडीला क्लबची दुरुस्ती करतो. ग्रिप (मूठ) बदलणं, शाफ्ट (दांडा) कापणं, निसटलेलं हेड (चेंडूला लागणारं टोक) पुन्हा चिकटवणं वगैरे. त्यामुळे लोक हौसेने काय घेतात आणि वर्षभराने त्यातलं काय झिजलेलं असतं, दोन्ही माझ्या टेबलावर येतं. पहिल्या सेटमधले सात नंबर आयर्न (आयर्न म्हणजे धातूच्या पात्याचा क्लब, नंबर जितका मोठा तितका चेंडू उंच आणि जवळ पडतो), पटर (ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक हिरवळीवर, चेंडू लोटायचा क्लब) आणि सँड वेज (वाळूतून चेंडू उचलायचा क्लब) घासलेले असतात. तीन नंबर आणि चार नंबर आयर्नला मात्र दुकानातली चकाकी तशीच असते. तेव्हा सरळ सांगतो, २५ हजार पुरतात. उलट ते सगळे क्लबवर घालू नका. पाच-सहा वापरलेले पण नीट पारखलेले क्लब बारा-तेरा हजारांत बसवा. साधी बॅग, हातमोजा, चेंडू यांत चारएक हजार जातील. उरलेले आठ हजार शिकवणीसाठी आणि रेंजवरच्या चेंडूंसाठी ठेवा.

पाच-सहाच का? नियमाप्रमाणे बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात. ही वरची मर्यादा आहे, खालची नाही. अमेरिकेच्या संघटनेने ती १९३८ मध्ये घातली, कारण तोवर मोठे खेळाडू वीस-वीस क्लब कॅडीच्या (बॅग वाहणाऱ्या मदतनिसाच्या) खांद्यावर लादायला लागले होते. दुकानदार मात्र "फुल सेट" असं म्हणतो की वाटावं, तेराच घेतले तर मैदानात शिरू देणार नाहीत.

आता हिशोब बघा. सहा नंबर आणि सात नंबर आयर्नच्या अंतरात फरक साधारण दहा मीटरचा. तो कोणाच्या कामाचा? ज्याचा सात नंबर दहापैकी आठ वेळा जवळपास एकाच ठिकाणी पडतो, त्याच्या. तुमचा सात नंबर सध्या एकदा १२० मीटर जातो, पुढचा टॉप होऊन (चेंडूच्या डोक्यावर लागून) ४० मीटर सरपटत जातो, आणि त्यापुढच्या वेळी चेंडूआधी चटईच लागते. अशा अवस्थेत सहा नंबर बॅगेत असला काय आणि नसला काय! एक सोडून एक क्लब असला की हातातल्या मोजक्या क्लबशी ओळखही लवकर होते. स्पेनचा सेव्हे बायेस्तेरोस लहानपणी पेद्रेन्याच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तीन नंबर आयर्नवर खेळायला शिकला. उंच मारायचं असो की खालून, सगळं त्या एकाच क्लबने. पुढे त्याने पाच मेजर (गोल्फमधल्या सगळ्यात मानाच्या) स्पर्धा जिंकल्या. आपल्या चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या आसपासच्या वस्तीतली पोरं बांधकामाची सळई वाकवून तिचा क्लब करतात आणि प्लॅस्टिकच्या चेंडूने गल्लीबोळांत खेळतात. तुम्ही सळई वाकवावी असं मी म्हणत नाही. पण चौदाचा आकडा डोक्यातून काढा.

माझ्या यादीत पहिला सात नंबर आयर्न. पहिले दीड-दोन महिने रेंजवर तो एकटा पुरतो, आणि खरं तर तेवढाच विकत घेऊन थांबलात तरी चालेल. त्यानंतर नऊ नंबर किंवा पिचिंग वेज (जवळच्या उंच फटक्यांचा क्लब), मग ५४ ते ५६ अंशांची सँड वेज, एक हायब्रिड आणि पटर. हे अंश म्हणजे लॉफ्ट, चेंडूला लागणारी बाजू किती मागे कललेली आहे त्याचा कोन. हायब्रिड २२ ते २५ अंशांच्या मधला, म्हणजे बहुतेक कंपन्यांचा चार किंवा पाच नंबर. जुन्या सेटमधले तीन आणि चार नंबर आयर्न जे काम करायचे तेच हा करतो. पण त्याचं वजन खाली आणि मागे असल्याने मार थोडा चुकला तरी चेंडू हवेत उठतो. लांब आयर्न नवख्याच्या हातून उठतच नाहीत. तुम्हाला कोणी तीन नंबर फुकट दिला तरी तो घरी ठेवा.

पटरकडे लोक शेवटी वळतात, उरलेल्या पैशांत. पार ७२ च्या कोर्सवर, म्हणजे जिथे १८ होलना मिळून ७२ फटके धरलेले असतात तिथे, प्रत्येक होलला पटरचे दोन फटके धरलेले असतात, म्हणजे ३६ फटके. निम्मा खेळ ज्या क्लबने व्हायचा तो निवडताना दहा मिनिटं तरी द्या. तुमच्या उंचीला ३३ किंवा ३४ इंचांचा पटर बसेल. खाली वाकून उभं राहिल्यावर डोळे साधारण चेंडूच्या वर यायला हवेत आणि पटरचा तळ जमिनीला सपाट टेकायला हवा. वापरलेल्या क्लबमध्ये पटरइतका निर्धोक सौदा दुसरा नाही, कारण त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतंच. ग्रिप बदलली की नव्यासारखा.

ड्रायव्हर, म्हणजे होलच्या पहिल्या लांब फटक्याचा क्लब, तो नाही का? सगळे आधी तोच मागतात. रेंजवर शेजारच्या चटईवर धाडकन आवाज होतो, चेंडू दिसेनासा होतो आणि आपल्यालाही तो हवासा वाटतो. पण ड्रायव्हर हा बॅगेतला सगळ्यात लांब क्लब, ४५ इंचांच्या आसपास, आणि पटर सोडला तर सगळ्यात कमी लॉफ्टचा. लॉफ्ट जास्त असेल तर चेंडूला मागे फिरणारी गिरकी भरपूर मिळते आणि तो फार भरकटत नाही. लॉफ्ट कमी झाला की फेस (चेंडूला लागणारी बाजू) जरासा उघडा राहिला तरी चेंडू उजवीकडे वळत वळत शेजारच्या होलच्या फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) जातो. यालाच स्लाइस म्हणतात, आणि नवख्यांत दहातल्या आठांना तो असतो. तीन-चार महिन्यांनी सात नंबर बऱ्यापैकी लागायला लागला की ड्रायव्हर घ्या, तोही १०.५ किंवा १२ अंशांचा. नऊ अंशांचा स्वस्तात मिळतोय म्हणून हुरळू नका, तो स्वस्तात का मिळतोय याचा विचार करा. ड्रायव्हरच्या हेडवर ४६० घन सेंटिमीटरची मर्यादा २००४ पासून आहे. त्यामुळे २००८-१० चा चांगल्या कंपनीचा ड्रायव्हर आणि या वर्षीचा ड्रायव्हर यांतला फरक तुमच्या-माझ्या हातात जाहिरातीत दाखवतात तेवढा नसतो.

आयर्नच्या हेडबद्दल एकच गोष्ट बघायची. मागून पोकळ कोरलेलं आहे की नाही? याला कॅव्हिटी बॅक म्हणतात. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकमधल्या कार्स्टन सोलहाइम नावाच्या इंजिनिअरला पटिंग जमत नव्हतं, म्हणून त्याने घरच्या गॅरेजमध्ये स्वतःचा पटर बनवला. हेडचं वजन मधून काढून दोन्ही टोकांना नेलं, म्हणजे चेंडू मधोमध नाही लागला तरी हेड कमी वळतं. पुढे हीच युक्ती आयर्नला लावली आणि त्यातून पिंग कंपनीचा आय टू हा सेट १९८२ मध्ये आला. दिसायला ओबडधोबड, पण नवख्याच्या चुका पोटात घालणारा. पुण्यात निवृत्त फौजी अधिकाऱ्यांच्या घरातून हे सेट अजून निघतात, आणि ग्रिप बदलून दिले तर अजूनही मस्त चालतात. पिंगचा जुना आयर्न हाती आला तर हेडवरचा रंगीत ठिपका बघा. काळा म्हणजे स्टँडर्ड कोन. लाल म्हणजे शाफ्ट जरा जमिनीकडे झुकलेला, निळा म्हणजे जरा उभा. तुमच्या उंचीला काळा चालेल, लालही चालेल. निळा नको.

याच घरांतून कॅव्हिटी नसलेले, पात्यासारखे सडपातळ, सुंदर आयर्नही निघतात. त्यांना ब्लेड म्हणतात. "हे जपानी फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) आहेत बरं का" असं विकणारा अभिमानाने सांगेल आणि ते खरंही असेल. पण त्यावर चेंडू जरा बाहेर लागला तर हाताला झिणझिण्या येतात आणि चेंडू निम्म्यात पडतो. हात जोडून पुढे चला. लाकडी हेडचे जुने ड्रायव्हर मिळाले तर दिवाणखान्यात लावा, छान दिसतात.

नंबरांवरही डोळे मिटून विसंबू नका. जुन्या सेटमधल्या सात नंबरचा लॉफ्ट ३५ अंशांच्या आसपास असायचा. हल्लीच्या काही कंपन्यांचा सात नंबर २८-३० अंशांचा असतो. म्हणजे नव्या क्लबवर सात लिहिलंय, पण तो जुना पाच किंवा सहा नंबरच. "नवा सात नंबर वीस मीटर जास्त जातो" यातलं निम्मं गुपित हेच. तुम्ही दोन-तीन ठिकाणांहून क्लब गोळा करणार असाल तर लॉफ्ट विचारून घ्या. नाहीतर नव्या सेटची ४३ अंशांची पिचिंग वेज आणि जुन्या सेटचा नऊ नंबर, दोन्ही सारख्याच अंतरावर पडतील आणि तुम्ही स्वतःच्या स्विंगला दोष देत बसाल.

शाफ्टवर आर, एस, ए, एल अशी अक्षरं असतात. आर म्हणजे रेग्युलर, एस म्हणजे स्टिफ, ए किंवा एम ज्येष्ठांसाठी, एल स्त्रियांसाठी. ही अक्षरं सगळ्या कंपन्यांत सारखी नसतात, एकाचा आर दुसऱ्याच्या एस इतका कडक निघतो. तुम्हाला आर. क्रिकेट खेळलेली मुलं येऊन सांगतात, "सर, मी जोरात मारतो, मला स्टिफ पाहिजे." ड्रायव्हरच्या हेडचा वेग ताशी ९५ मैलांच्या पुढे गेला की स्टिफचं बोलू, आणि हा वेग रेंजवर मोजून मिळतो. आयर्नला स्टीलचा शाफ्ट घ्या, तो स्वस्त आणि टिकाऊ. हायब्रिडला आणि पुढे ड्रायव्हरला ग्रॅफाइट येतोच.

आता ५ फूट ५ इंचांचं. दुकानात कोणीतरी तुम्हाला सांगणार की शाफ्ट कापून घ्यायला हवेत. घेऊ नका. क्लबची लांबी नुसत्या उंचीवर ठरत नाही. ताठ उभं राहून हात सैल सोडल्यावर मनगट जमिनीपासून किती वर राहतं, त्यावर ठरते. बुटक्या माणसाचे हात आखूड असतात, त्यामुळे मनगट वाटतं तेवढं खाली येत नाही. पाच फूट पाच इंचांच्या बहुतेक पुरुषांना स्टँडर्ड क्लब चालतात. लांब वाटलाच तर ग्रिपवर एक इंच खाली धरा, ते फुकट आहे आणि परत वर धरता येतं. कापलेला शाफ्ट पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. शिवाय अर्धा इंच कापला तरी हेडचं वजन हाताला कमी जाणवतं आणि शाफ्ट कडक होतो.

बायकोसाठी तुमचाच सेट? नाही. घरोघरी हेच होतं. नवऱ्याचा जुना स्टीलचा सेट कापून बायकोच्या हाती द्यायचा आणि मग म्हणायचं, "हिला जमत नाही, हिला आवड नाही." लांबी कमी झाली, पण जड शाफ्ट जडच राहिला आणि कडक होता तो आणखी कडक झाला. अशाच एक बाई रेंजवर आल्या होत्या. चेंडू गुडघ्याच्या वर उठेना. नवरा मागे उभा राहून "मान खाली ठेव, मान खाली ठेव" करत होता. मी त्यांना रेंजवरचा एल शाफ्टचा हायब्रिड दिला. चौथा-पाचवा चेंडू उठला आणि नवरोबा फोन आल्यासारखं करून बाजूला गेले. स्त्रियांचे क्लब साधारण एक इंच आखूड, हलक्या ग्रॅफाइट शाफ्टचे आणि बारीक ग्रिपचे असतात. बायकोसाठी तीनच घ्या: सात नंबर, हायब्रिड आणि पिचिंग वेज. सँड वेज आणि पटर दोघांत एक चालेल, निदान रेंजवर आणि सरावाच्या ग्रीनवर. कोर्सवर उतरताना मात्र बहुतेक ठिकाणी प्रत्येकाची वेगळी बॅग लागते. दोघांत एक चालत नाही.

वापरलेले क्लब मिळतात कुठे? पुण्या-मुंबईत सगळ्यात चांगला बाजार कॅडी आणि कॅडी मास्टर (कॅडींचा प्रमुख) यांच्याकडे असतो. कोणत्या साहेबांनी नवा सेट घेतला, कोणाची पाठ धरल्याने खेळ सुटला, कोण बदलीवर चाललंय, त्यांना आधी कळतं. मध्ये ते आपला वाटा ठेवतात, तो ठेवू द्या. ते क्लब त्यांनी स्वतः वाहिलेले असतात, आणि विचारलंत तर "साहेब, याचा सात नंबर एकदा झाडावर आपटलाय" हेही सांगतात. प्रो शॉपमध्ये (गोल्फ कोर्सवरच्या दुकानात) अदलाबदलीत आलेले क्लब कोपऱ्यात उभे असतात, पण न विचारता कोणी दाखवत नाही. ओएलएक्सवरही मिळतात, फक्त समोरच्याला सांगा की रेंजवर भेटू, चार चेंडू मारून बघतो. नवंच हवं असेल तर डेकॅथलॉनच्या इनेसिस या घरच्या ब्रँडचे सुरुवातीचे क्लब सुटेही मिळतात आणि हाफ सेटमध्येही. देखणे नाहीत, पण प्रामाणिक आहेत आणि सुटा सात नंबर घेऊन सुरुवात करायची तर याहून सोपा रस्ता नाही. मोठ्या कंपन्यांचे जे बॉक्स सेट दुकानात दाखवतात ते वाईट नसतात. पण त्यात तुम्हाला ड्रायव्हरचे, फेअरवे वूडचे (ड्रायव्हरच्या धाकट्या भावाचे) आणि चकचकीत बॅगेचे पैसे आजच मोजावे लागतात.

क्लब हातात आल्यावर काय बघायचं, ते जरा सावकाश सांगतो, कारण फसवणूक इथेच होते.

आधी हेड आणि शाफ्ट जिथे जुळतात ती मान बघा. तिथे काळ्या प्लॅस्टिकचं एक कडं असतं. ते वर सरकलेलं असेल आणि खाली फट दिसत असेल तर हेड सैल होत असण्याची शक्यता आहे. एका हातात शाफ्ट धरा, दुसऱ्या हाताने हेड पिळून बघा. किंचितही फिरलं तर नको, किंवा पुन्हा चिकटवायचे पैसे वजा करून घ्या. मग क्लब कानाजवळ हलवा. आत खडखड वाजत असेल तर वाळलेल्या गोंदाचा तुकडा सुटलाय. ते निस्तरता येतं, पण भाव करायला कामी येतं. स्टीलच्या शाफ्टवर नख फिरवत खाली या. वरवरचा तांबूस गंज पुसला जातो, खड्डे पडलेला गंज पुसला जात नाही आणि शाफ्ट एक दिवस तिथेच मोडतो. आपल्याकडे पावसाळ्यात ओले क्लब बॅगेत तसेच ठेवतात, त्यामुळे हे हटकून बघा. ग्रॅफाइट शाफ्ट उन्हात धरून गोल फिरवा. बॅगेच्या तोंडाशी घासून एक पांढुरकी पट्टी उमटलेली असते. नुसता रंग गेला असेल तर ठीक. तिथे बोटाला तंतू लागले तर तो क्लब परत द्या. क्लब डोळ्यासमोर बंदुकीसारखा धरून शाफ्ट सरळ आहे ना तेही बघून घ्या. रागाने आपटलेले क्लब बरेच फिरत असतात.

फेसवरच्या आडव्या खाचांतून लाकडी टीचं (चेंडू ठेवायच्या खुंटीचं) टोक ओढा. टोक अडकत अडकत गेलं तर खाचा जिवंत आहेत, घसरत गेलं तर झिजल्यात. सात नंबरला थोडी झीज चालते. वेजला नको, कारण तिची सगळी करामत त्या खाचांवर असते. ग्रिप कडक आणि चकचकीत झाली असेल तर घाबरू नका. आधी भांड्याचा साबण आणि जुना ब्रश घेऊन कोमट पाण्याने घासा. निम्म्या ग्रिप एवढ्यावर परत पकड धरतात. नाहीच धरली तर बदलायची. आकडीच्या पात्याने जुनी ग्रिप उभी चिरायची, पण ग्रॅफाइटवर हात फार हलका ठेवायचा. जुनी टेप खरवडून काढायची, दोन्ही बाजूंनी चिकटणारी नवी टेप लावायची. नव्या ग्रिपच्या टोकाचं भोक टीने बंद करून आत थोडं सॉल्व्हंट ओतायचं, हलवायचं, तेच टेपवर ओतायचं आणि एका दमात ग्रिप खालपर्यंत ढकलायची. मध्ये थांबलात तर अडकली. मग लगेच फेस बघून ग्रिपवरची खूण सरळ करायची आणि रात्रभर हात लावायचा नाही. सहा क्लबचं काम घरच्या बाल्कनीत एका दुपारी होतं. वासासाठी खिडक्या उघड्या ठेवा आणि देवघरातला दिवा लांब ठेवा.

नकली माल हा वेगळाच विषय. या वर्षीचा नामांकित ड्रायव्हर निम्म्याहून कमी किमतीत, नवा कोरा, प्लॅस्टिकच्या वेष्टणात मिळत असेल तर तो नकली समजा. फ्रिजवरचा चुंबक खिशात ठेवा. टायटॅनियमला चुंबक चिकटत नाही. "टायटॅनियम" लिहिलेल्या ड्रायव्हरच्या फेसला तो चिकटला तर आत पोलाद आहे. तळाच्या स्क्रूला चिकटेल, ते मोजू नका. म्हणून मी नेहमी म्हणतो की नव्या मॉडेलपेक्षा दहा-बारा वर्षांपूर्वीचं घ्या, जुन्याची नक्कल करण्यात कोणाला फारसा रस नसतो.

मावसभावाचा सेट येऊ द्या, पण आधी त्याला फोटो पाठवायला सांगा. प्रत्येक क्लबचा तळ, फेस आणि शाफ्टवरचं लेबल. तो सहा फुटांचा असेल आणि त्याने क्लब लांब करून घेतले असतील, किंवा शाफ्टवर एस असेल, तर चौदाच्या चौदा आणण्यात अर्थ नाही. त्यातली वेज, पटर आणि जमला तर हायब्रिड एवढंच मागवा. अमेरिकेत वापरलेल्या क्लबचा बाजार मोठा आहे. सेकंड स्विंगसारखी दुकानं आणि कॅलवे या क्लब बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा वापरलेल्या मालाचा विभाग क्लबची अवस्था दर्जा लावून विकतात. तेव्हा त्याच्याकडचं जमत नसेल तर त्याला तिथून कॅव्हिटी बॅकचे सात, नऊ आणि पिचिंग वेज, आर शाफ्टचे, असे तीन सुटे क्लब घ्यायला सांगा. सामानात गोल्फ बॅग बहुतेक विमान कंपन्या एक नग म्हणून धरतात. वजनाची आणि मापाची अट तिकिटावर बघायची, कस्टम्सची त्या वेळची मर्यादाही बघून ठेवायची. ड्रायव्हर येत असेल तर हेडवर दोन-तीन टॉवेल गुंडाळायचे आणि बॅगेत सगळ्यात लांब क्लबपेक्षा उंच अशी एक भक्कम काठी उभी ठेवायची. बॅग उलटी आपटली तर मार काठीला बसतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच येणार म्हणून सांगतो. घरात कोणी डावखुरा असेल तर डावे क्लब शोधायच्या आधी उजव्या क्लबने महिनाभर मारून बघा. वापरलेल्या बाजारात डावे क्लब फार कमी येतात. हाताच्या सवयीचा आणि स्विंगच्या बाजूचा संबंध वाटतो तेवढा घट्टही नाही. फिल मिकलसन लिहितो उजव्या हाताने आणि खेळतो डावा. मात्र क्रिकेटमध्ये डावी बॅटिंग अंगवळणी पडलेली असेल तर डावेच क्लब घ्या, आणि थोडा धीर धरा. लहान मुलांसाठी मोठ्यांचे क्लब कापायचे नाहीत. उंचीप्रमाणे मिळणारे ज्युनिअर क्लब दोन-तीन घ्यायचे आणि उंची वाढली की पुढच्या पालकांना विकायचे.

चेंडूंवर पैसे घालू नका. महाग चेंडूची मऊ गिरकी तुमच्या उपयोगाची नाही आणि तो पहिल्याच तळ्यात जाणार. पाण्यातून आणि झाडीतून काढलेले चेंडू कोर्सजवळ डझनावर मिळतात, त्यातले न चिरलेले दोन पदरी चेंडू उचला. हातमोजा उजव्या हाताने खेळणाऱ्याला फक्त डाव्या हातात लागतो. घट्ट घ्या, आपल्या हवेत तो घामाने सैल होतो. दोन घ्या, आलटून पालटून वाळवायला. गोल्फचे बूट सध्या नकोत, चांगली पकड असलेले स्पोर्ट्स शूज चालतात. बॅग पायांवर उभी राहणारी, हलकी. पाच क्लबना चौदा कप्प्यांची बॅग घेणारे मी पाहिलेत.

रेंज सोडून कोर्सवर जायची वेळ आली की सभासदत्व लागतंच असं नाही. नवी मुंबईत सिडकोचं खारघर व्हॅली गोल्फ कोर्स आहे, तिथे सभासद नसतानाही शुल्क भरून खेळता येतं. जाण्याआधी फोन करून नवख्यांसाठी काय अट आहे ते विचारा, आणि शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी जा, म्हणजे मागे कोणी खोळंबत नाही. कॉलरचा टी-शर्ट घाला. कॅडी घ्या आणि त्याला सुरुवातीलाच सांगा की बॅगेत पाचच क्लब आहेत. तो हसेल, मग तिसऱ्या होलपर्यंत तोच म्हणेल, "साहेब, सात नंबरच द्या."